घरगुती वायुवीजन पंखा : आवाज आणि ऊर्जाकार्यक्षमता यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

घरातील दमट, धुरकट किंवा श्वासाने दूषित झालेली हवा बाहेर टाकणारा विजेचा पंखा हे विसाव्या शतकातील एक दुर्लक्षित घरगुती यंत्र आहे. या यंत्राच्या इतिहासात दोन प्रश्न सतत पुढे आले : त्याचा आवाज आणि त्याला लागणारी वीज. आवाज हा सुखसोयीचा व वीज हा अर्थकारणाचा विषय मानला गेल्याने दीर्घकाळ या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे झाला. अमेरिका, स्वीडन, कॅनडा, जर्मनी व नेदरलँड्स येथील घडामोडींचा आढावा घेता असे दिसते की, गोंगाट करणारा पंखा रहिवासी बंद करतात आणि बंद पंख्याची कार्यक्षमता केवळ कागदावर उरते. शांतता ही ऊर्जाकार्यक्षम वायुवीजनाची पूर्वअट आहे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वायुवीजन, सोन, डेसिबल, हवाबंद घर, उष्णता पुनर्प्राप्ती, सेवा मूल्य.

१. प्रस्तावना

'वायुवीजन' या संज्ञेतील 'वीजन' म्हणजे वारा घालणे. जुन्या मराठीतील 'विंझणा' हा पंख्याचा वाचक शब्द याच कुळातील आहे. परंतु विंझण्याने अंगावर वारा घालणे आणि खोलीतील हवा बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. छताचा पंखा खोलीतील हवा खोलीतच फिरवतो. त्यामुळे घाम सुकतो, पण हवा तीच राहते. याउलट ज्याला व्यवहारात 'एक्झॉस्ट फॅन' म्हणतात तो पंखा आतील हवा बाहेर टाकतो व तिच्या जागी बाहेरची हवा आत येते. प्रस्तुत निबंधात मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या पंख्याचा विचार केला आहे. पहिल्या प्रकाराचा उल्लेख भारतीय संदर्भात तुलनेपुरता येतो.

उष्ण प्रदेशातील घरांत खिडक्या वर्षाचा बराच काळ उघड्या असतात. त्यामुळे हवा बदलण्यासाठी यंत्राची गरज तेथे उशिरा भासली. थंड प्रदेशात मात्र खिडकी उघडणे म्हणजे पैसे खर्चून तापवलेली हवा बाहेर सोडणे होय. म्हणूनच घरगुती वायुवीजन पंख्याचा इतिहास प्रामुख्याने उत्तर अमेरिका व उत्तर युरोप यांच्या संदर्भात घडला. नागरी भारतातील बंद खिडक्यांची, वातानुकूलित घरे पाहता तो इतिहास आता येथील अभ्यासकांनाही उपयुक्त ठरणारा आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) घरगुती वायुवीजन पंख्याच्या विकासातील प्रमुख टप्पे नोंदवणे.
(२) आवाज व ऊर्जावापर यांची मोजमापे कोणत्या परिस्थितीत रूढ झाली याचा शोध घेणे.
(३) ही दोन मोजमापे एकत्र न आल्यामुळे झालेल्या परिणामांची चिकित्सा करणे व त्यावरून भारतीय संदर्भात निघणारा बोध मांडणे.

२. पूर्वपीठिका : हवा मोजण्याची सुरुवात

यांत्रिक वायुवीजनाचे प्रारंभीचे प्रयोग घरात नव्हे, तर खाणी, जहाजे, तुरुंग आणि सभागृहे यांत झाले. १७३६ च्या सुमारास जॉन थिऑफिलस देझाग्युलिए या भौतिकशास्त्रज्ञाने ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्ससाठी हाताने फिरवायचे एक मोठे पंखचक्र बसवले. ते फिरवण्यासाठी नेमलेल्या माणसालाच 'व्हेंटिलेटर' म्हटले जाई. १७४३ मध्ये स्टीफन हेल्स यांनी वायुवीजन यंत्रांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जहाजांच्या तळमजल्यांत व तुरुंगांत कोंडलेल्या माणसांचे आरोग्य हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. या सर्व प्रयोगांत पंख्याला लागणारी शक्ती माणसाच्या श्रमातून किंवा वाऱ्यातून येत असे. तिचा हिशेब कोणी एककात मांडला नव्हता.

हवेच्या गुणवत्तेचे मोजमाप एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये राहत्या घरांतील हवाबदलाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भाग यापेक्षा वाढू नये, हा त्यांचा निकष पुढे 'पेटेनकोफर मर्यादा' म्हणून ओळखला गेला. हा वायू स्वतः त्या प्रमाणात घातक नसतो, पण तो माणसांच्या श्वासोच्छ्वासाने हवा किती दूषित झाली याचा निदर्शक असतो. 'हवा कोंदट आहे' या अनुभवाला त्यामुळे प्रथमच एक आकडा मिळाला.

याच काळातील हवेविषयीच्या चिंतेचे प्रतिबिंब मुंबईतही दिसते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने चाळींच्या दाटीवर उपाय म्हणून दोन इमारतींमधील मोकळ्या जागेसाठी ६३.५ अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम स्वीकारला. येथे हवा आणि प्रकाश यांचा प्रश्न यंत्राने नव्हे, तर इमारतींमधील अंतराने सोडवायचा होता. हा मार्ग बिनआवाजाचा व बिनखर्चाचा होता, पण त्याला जमीन लागत असे. शहरांत जमीन महाग झाली तशी हवेची जबाबदारी हळूहळू यंत्राकडे गेली.

३. विजेचा पंखा आणि खिडकीविना न्हाणीघर

१८८२ मध्ये अमेरिकन अभियंता स्कायलर व्हीलर यांनी विजेवर चालणारा मेजावरचा पंखा तयार केला. १८८८ मध्ये निकोला टेस्ला यांच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या प्रवर्तन मोटरची एकस्वे मंजूर झाली आणि घर्षणाचे भाग फारसे नसलेली, टिकाऊ मोटर घरगुती उपकरणांसाठी पुढे शक्य झाली. विसाव्या शतकात अमेरिकी नागरी घरबांधणीत न्हाणीघर व शौचालय इमारतीच्या मधल्या भागात ढकलले गेले. बाहेरची भिंत नसल्याने तेथे खिडकी नव्हती. अशा न्हाणीघराला यांत्रिक निष्कासनाची सोय करण्याच्या अटीवर इमारत नियमांनी मान्यता दिली. अशा प्रकारे वायुवीजन पंखा हा खिडकीचा पर्याय बनला.

पंख्याला ही कायदेशीर भूमिका मिळाली, पण त्याच्या दर्जाकडे फारसे लक्ष गेले नाही. घर बांधणाऱ्या व्यावसायिकाच्या दृष्टीने नियमाची पूर्तता करणारा सर्वांत स्वस्त पंखा पुरेसा होता. विजेचे बिल व आवाजाचा त्रास हे दोन्ही पुढे घर घेणाऱ्याच्या वाट्याला येत. या पंख्यांत सामान्यतः 'शेडेड पोल' प्रकारची मोटर असे. ती रचनेने साधी व स्वस्त असते, पण मिळालेल्या विजेतील मोठा भाग उष्णतेत घालवते. पातीही लहान असत. लहान पंख्याने पुरेशी हवा ओढायची तर तो वेगाने फिरवणे भाग पडे आणि वेग वाढला की घरघर वाढे.

१९५५ मध्ये अमेरिकेत होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूट ही उत्पादकांची संस्था स्थापन झाली. पंखा किती हवा बाहेर टाकतो याविषयीचे दावे एकसमान चाचणीने तपासले जावेत, ही तिच्या कार्याची मुख्य दिशा होती. हवेच्या प्रवाहाबरोबरच पुढे आवाजाचे प्रमाणित आकडेही प्रसिद्ध होऊ लागले. विजेच्या वापराचा प्रश्न मात्र या टप्प्यावर गौण राहिला. त्याचे कारण हिशेबातून स्पष्ट होते. ४० वॅटचा पंखा दिवसातून एक तास चालला तर वर्षाला जेमतेम १५ युनिट वीज लागते. स्नानापुरता चालणाऱ्या पंख्याची कार्यक्षमता सुधारण्यात कोणालाच आर्थिक रस नव्हता.

४. आवाजाचे एकक

आवाज मोजण्यात एक मूलभूत अडचण होती. डेसिबल हे एकक लघुगणकी आहे. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली तर आकडा केवळ ३ डेसिबलने वाढतो, तर कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. ही गोष्ट सामान्य ग्राहकाच्या लक्षात येणे कठीण होते. १९३६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी 'सोन' हे प्रबलतेचे एकक सुचवले. १००० हर्ट्झ वारंवारतेचा ४० डेसिबलचा स्वर कानाला जितका मोठा वाटतो ती प्रबलता म्हणजे १ सोन. दोन सोनचा आवाज एक सोनच्या दुप्पट वाटतो आणि चार सोनचा चौपट. हे एकक माणसाच्या श्रवणानुभवावर आधारलेले आहे, यंत्राच्या गुणधर्मावर नव्हे.

अमेरिकी पंखा उद्योगाने हेच एकक स्वीकारले, ही इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. दुकानातील ग्राहकाला खोक्यावरचा आकडा पाहून तुलना करता येऊ लागली. स्वस्त पंखे ३ ते ४ सोनच्या आसपास असत, तर पुढील काळात १ सोनपेक्षा कमी आवाजाचे पंखे बाजारात आले. ज्या वस्तूचा आवाज मोजला जाऊन जाहीर केला जातो, तिचा आवाज कमी करण्यात उत्पादकाला लाभ दिसतो, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि चाचणीतील आकडा व घरातील अनुभव यांत अंतर राहिले. पंख्याची नोंदणीकृत क्षमता दीर्घकाळ ०.१ इंच जलस्तंभाइतक्या, म्हणजे सुमारे २५ पास्कल इतक्या अल्प दाबावर सांगितली जात असे. प्रत्यक्षात लांब, वळणावळणाच्या व अरुंद हवावाहिनीचा विरोध त्याहून पुष्कळ जास्त असू शकतो. त्यामुळे घरात बसवलेला पंखा कमी हवा ओढतो आणि आवाज मात्र अधिक करतो. दोष पंख्याचा की बसवणाऱ्याचा, हा वाद पुढील काळात वारंवार उपस्थित झाला.

५. ऊर्जासंकट आणि हवाबंद घर

१९७३ च्या तेलसंकटाने या प्रश्नाचे स्वरूप पालटले. घर तापवण्याचा खर्च अचानक वाढल्याने भिंतींतील फटी, दारे-खिडक्यांच्या चौकटी व छताचे सांधे बुजवण्याची मोहीम पश्चिमी देशांत सुरू झाली. स्वीडनने १९७५ च्या इमारत नियमांत घराच्या हवाबंदपणाविषयी अटी घातल्या व त्याबरोबर घरातील हवा दर तासाला निदान निम्मी बदलली जावी अशी अपेक्षा ठेवली. १९७७ मध्ये कॅनडातील रेजायना येथे 'सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस' हे प्रायोगिक घर उभे राहिले. जाड उष्णतारोधन व काटेकोर हवाबंदपणा यांबरोबर बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारा उष्णता विनिमयक त्यात बसवला होता. या अनुभवाच्या आधारे कॅनडात १९८२ मध्ये 'आर-२०००' कार्यक्रम सुरू झाला. जर्मनीत डार्मश्टाट शहराच्या क्रानिकश्टाइन भागात व्होल्फगांग फाइस्ट व बो आडामसन यांच्या संकल्पनेतून पहिली 'पासिव्हहाउस' घरे उभी राहिली व १९९१ मध्ये तेथे कुटुंबे राहायला आली.

हवाबंद घरात पंखा हा न्हाणीघरापुरता राहत नाही. तो अहोरात्र चालणारे, घराला श्वास पुरवणारे यंत्र बनतो. या बदलाचे दोन परिणाम झाले.

पहिला परिणाम विजेच्या हिशेबाचा होता. वर्षात ८,७६० तास असतात. ४० वॅटचा पंखा सतत चालला तर वर्षाला सुमारे ३५० युनिट वीज लागते. तेच काम ८ वॅटच्या पंख्याने केले तर सुमारे ७० युनिट पुरतात. उष्णता वाचवण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेने विजेत तो लाभ गमावू नये, ही चिंता त्यामुळे निर्माण झाली. क्रानिकश्टाइनच्या घरांत इलेक्ट्रॉनिक दिक्परिवर्तन असलेले कमी विजेचे पंखे वापरण्यामागे हेच कारण होते. या मोटरची मूळ कल्पना १९६२ मध्ये विल्सन व ट्रिकी यांनी मांडलेल्या, ब्रशऐवजी अर्धसंवाहक परिपथ वापरणाऱ्या एकदिश प्रवाहाच्या यंत्रात सापडते.

दुसरा परिणाम आवाजाचा होता. दहा मिनिटे सोसता येणारी घरघर रात्रभर शयनगृहात सोसता येत नाही. पासिव्हहाउसच्या निकषांमध्ये या दोन्ही बाबींची दखल एकत्रितपणे घेतलेली आढळते. एक घनमीटर हवा हलवण्यासाठी ०.४५ वॅट-तासापेक्षा जास्त वीज लागू नये आणि राहत्या खोल्यांत आवाज २५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, अशा दोन मर्यादा त्यात शेजारी-शेजारी आहेत.

६. शास्त्रीय बाजू : वेग, शक्ती व ध्वनी

आवाज व वीज यांचा परस्परसंबंध समजण्यासाठी पंख्याचे मूलभूत नियम लक्षात घेणे आवश्यक आहे. एकाच पंख्याचा वेग बदलला असता हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो, पण शक्ती एक अष्टमांशच लागते. ध्वनीची शक्ती तर ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. कानाला तो जवळजवळ एक तृतीयांश वाटतो. वेग केवळ २० टक्क्यांनी कमी केला तरी तत्त्वतः शक्ती जवळपास निम्मी होते व आवाज सुमारे ५ डेसिबलने घटतो.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, मोठ्या व्यासाचा, संथ फिरणारा पंखा आणि रुंद, सरळ हवावाहिनी यांमुळे वीजही वाचते व आवाजही घटतो. निसर्गनियमांच्या पातळीवर ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत. विरोध आहे तो या दोहोंचा आणि जागेच्या व प्रारंभिक खर्चाच्या काटकसरीचा. मोठा पंखा व रुंद वाहिनी यांना छतावर व भिंतीत जागा लागते आणि ती जागा बांधकाम व्यावसायिकाला विकता येत नाही. पंख्याचा गोंगाट हा पुष्कळदा बांधकामाच्या वेळी वाचवलेल्या पैशाचा मोबदला असतो व तो रहिवासी चुकवतात.

७. व्हाथोर्स्ट : बंद केलेला पंखा

वरील प्रतिपादनाचे सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्समध्ये सापडते. आमर्सफोर्ट शहराच्या व्हाथोर्स्ट या नव्या वसाहतीत २००० नंतरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर घरे बांधली गेली. त्यांपैकी अनेक घरांत उष्णता पुनर्प्राप्तीसह संतुलित वायुवीजनाची यंत्रणा होती. कागदावर ही घरे ऊर्जाबचतीचा आदर्श होती. परंतु थोड्याच काळात रहिवाशांनी थकवा, डोकेदुखी व श्वसनमार्गाचे त्रास यांविषयी तक्रारी केल्या. प्रादेशिक आरोग्यसेवेने चौकशी केली आणि २००८ पर्यंत हा विषय दूरचित्रवाणीद्वारे राष्ट्रीय चर्चेचा झाला.

कारणे एकापेक्षा अधिक होती. अपुरा प्रवाह, चुकीची जोडणी, साफसफाईचा अभाव व उन्हाळ्यातील उष्मा ही त्यांतील काही होत. पण आवाजाला या मालिकेत विशेष स्थान होते. यंत्रणेच्या उच्च वेगावर आवाज असह्य होत असल्याने रहिवासी ती सर्वांत खालच्या वेगावर ठेवत. हवाबंद घरात त्या वेगाने पुरेशी हवा येत नसे. पुढे देशभरातील नव्याने बांधलेल्या सुमारे ३०० घरांची पाहणी करण्यात आली. तिच्यातही बहुसंख्य घरांत वायुवीजन अपुरे व यंत्रणेचा आवाज अधिक, अशी जोड आढळली.

या प्रकरणात जबाबदारीचा प्रश्न कळीचा ठरतो. रहिवाशांनी यंत्रणा चुकीच्या पद्धतीने वापरली, असे म्हणणे सोपे होते. त्यांनी वेग कमी केला हे खरेच होते. परंतु ज्या यंत्राच्या घरघरीत लहान मूल झोपू शकत नाही, ते यंत्र रात्री मंद करणे हा गैरवापर म्हणता येत नाही. तो त्या रचनेवर रहिवाशाने दिलेला अभिप्राय होता. अभिकल्पकांनी ऊर्जेचा हिशेब करताना यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालेल असे गृहीत धरले होते. ती चालू ठेवता येईल का, हे तपासले गेले नव्हते. वीज आणि उष्णता यांत झालेली बचत अंशतः रहिवाशांच्या श्वासातून भरून काढली गेली, असे या प्रकरणाचे तात्पर्य सांगता येईल.

८. मोजमापांचे एकत्रीकरण

व्हाथोर्स्टच्या आधीही या दोन निकषांना एकत्र आणण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. अमेरिकेच्या 'एनर्जी स्टार' कार्यक्रमात २००१ पासून घरगुती वायुवीजन पंख्यांचा समावेश झाला. एका वॅटला किती हवा, या निकषाच्या जोडीला त्या कार्यक्रमात आवाजाची कमाल मर्यादाही ठेवण्यात आली. ऊर्जाबचतीच्या चिन्हासाठी आवाजाची अट घालणे वरवर पाहता विसंगत वाटते, पण तिच्यामागील तर्क वर स्पष्ट झाला आहे. २००३ च्या 'अ‍ॅश्रे ६२.२' या निवासी वायुवीजन मानकाने सतत चालणाऱ्या पंख्यासाठी १ सोन व गरजेपुरत्या चालणाऱ्या पंख्यासाठी ३ सोन अशी मर्यादा घातली. या दोन वेगळ्या मर्यादांत पन्नास वर्षांचा इतिहास सामावलेला दिसतो. थोडा वेळ चालणाऱ्या पंख्याला दिलेली सूट अहोरात्र चालणाऱ्या पंख्याला देता येत नाही, हे त्यात मान्य केले आहे.

युरोपात जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शांत झोपेसाठी शयनगृहातील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असे सुचवले होते. २०१२ मध्ये लागू झालेल्या नेदरलँड्सच्या इमारत संहितेने नव्या घरांतील वायुवीजन यंत्रणेच्या आवाजाला राहत्या खोल्यांत ३० डेसिबलची मर्यादा घातली. १ जानेवारी २०१६ पासून युरोपीय संघात घरगुती वायुवीजन यंत्रांवर ऊर्जा लेबल लावणे बंधनकारक झाले. त्या लेबलवर ऊर्जावर्ग, ध्वनिशक्तीची डेसिबलमधील पातळी व कमाल हवाप्रवाह अशा तीन बाबी एकत्र छापलेल्या असतात. ग्राहकाला या तिन्ही आकड्यांचा एकाच दृष्टिक्षेपात मेळ घालता येणे, ही या दीर्घ प्रवासाची फलश्रुती मानता येईल. स्वीडनने त्याहून वेगळी वाट धरली. तेथे १९९१ मध्ये इमारतींच्या वायुवीजन यंत्रणांची सक्तीची तपासणी सुरू करण्यात आली. यंत्र बसवले म्हणजे ते काम करते, हे गृहीतक तेथे शासनानेच सोडून दिले.

कोविड-१९ च्या साथीत हवेतून होणाऱ्या संसर्गाची चर्चा झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अंतर्गत वायुवीजनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. निवासी जागेसाठी दरमाणशी सेकंदाला किमान १० लिटर हवेची शिफारस तिच्यात आहे. हवेची मागणी वाढली की पंख्याचा वेग वाढतो व त्याबरोबर आवाज आणि वीज हे दोन्ही प्रश्न पुन्हा उभे राहतात.

९. भारतीय संदर्भ

भारतात घरातील दूषित हवेचा मुख्य प्रश्न दीर्घकाळ चुलीच्या धुराचा राहिला. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत केलेले व १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या विषयात पायाभूत मानले जाते. त्यात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारे प्रदूषण प्रत्यक्ष मोजले होते. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने चुलीऐवजी गॅसचा प्रसार केला. नागरी स्वयंपाकघरात मात्र गॅसवरही फोडणीचा ठसका उरतोच. तेथे भिंतीतील एक्झॉस्ट फॅन वा विजेची चिमणी हे काम करते. फोडणी परतून होताच पंखा बंद करण्याची सवय अनेक घरांत दिसते आणि तिच्यामागे वीजबिलाइतकाच आवाजही असतो.

ऊर्जाकार्यक्षमतेच्या धोरणाचा भर भारतात स्वाभाविकपणे छताच्या पंख्यावर राहिला. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ नुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली व २००६ मध्ये तारांकन कार्यक्रम सुरू झाला. छताच्या पंख्यांना तारांकन प्रथम ऐच्छिक होते. १ जानेवारी २०२३ पासून ते बंधनकारक झाले. या तारांकनाचा आधार 'सेवा मूल्य' हा आहे. मिनिटाला मिळणारी हवा घनमीटरमध्ये घेऊन तिला वॅटने भागले की सेवा मूल्य मिळते. मिनिटाला २१० घनमीटर हवा देणाऱ्या ७५ वॅटच्या पंख्याचे सेवा मूल्य २.८ येते, तर तेवढीच हवा ३५ वॅटमध्ये देणाऱ्या पंख्याचे ६. हा फरक मोटरमुळे पडतो. कोइमतूर येथील 'सुपरफॅन'ने २०१२ मध्ये व मुंबईत स्थापन झालेल्या 'अ‍ॅटमबर्ग'ने २०१५ मध्ये ब्रशविरहित मोटरचे छताचे पंखे बाजारात आणले. क्रानिकश्टाइनच्या घरांत वापरलेले तत्त्वच येथे वेगळ्या हवामानात, वेगळ्या कामासाठी उपयोगात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने एक कोटी कार्यक्षम पंख्यांच्या वितरणाचे उद्दिष्ट जाहीर केले.

सेवा मूल्याच्या सूत्रात हवा आहे, वॅट आहे, पण आवाज नाही. जुन्या पंख्यात ५० हर्ट्झच्या पुरवठ्यामुळे १०० हर्ट्झची गुणगुण निर्माण होते व अर्धसंवाहक रेग्युलेटर लावल्यास मंद वेगावर ती अधिक जाणवते. ब्रशविरहित मोटरमध्ये वेग अन्य रीतीने नियंत्रित होत असल्याने हा दोष टाळता येतो. मात्र ही सुधारणा तारांकनात मोजली जात नसल्याने ती साधण्याचे बंधन उत्पादकावर पडत नाही. छताच्या पंख्याच्या बाबतीत याचे परिणाम मर्यादित आहेत, कारण उकाड्यात माणूस आवाज सोसूनही पंखा चालू ठेवतो. एक्झॉस्ट फॅनचे तसे नाही. त्याचा लाभ अंगाला तत्काळ जाणवत नाही, त्रास मात्र कानाला लगेच जाणवतो. वातानुकूलनासाठी खिडक्या बंद ठेवणाऱ्या घरांची संख्या वाढत असताना, हवा बदलणाऱ्या पंख्यांसाठी मानके ठरवताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) घरगुती वायुवीजन पंख्याचा आवाज व ऊर्जावापर हे प्रश्न पंखा सतत चालू लागल्यानंतरच गंभीर झाले. हा बदल १९७३ नंतरच्या हवाबंद घरांमुळे घडला.

(२) पंख्याच्या नियमांनुसार संथ वेग व रुंद हवावाहिनी यांनी दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधतात. त्यांतील अडसर तांत्रिक कमी व आर्थिक अधिक आहे. जो खर्च वाचवतो आणि जो त्रास सोसतो, त्या व्यक्ती भिन्न असतात.

(३) व्हाथोर्स्टच्या अनुभवावरून असे दिसते की, आवाजाची मर्यादा पाळली नाही तर ऊर्जाबचतीची यंत्रणा रहिवाशांच्या आरोग्यावर विपरीत परिणाम करू शकते. अशा वेळी रहिवाशाला दोष देण्याऐवजी अभिकल्पाची फेरतपासणी आवश्यक ठरते.

(४) सोनसारखे श्रवणानुभवावर आधारलेले एकक आणि युरोपीय लेबलासारखी एकत्रित माहिती यांमुळे बाजाराला योग्य दिशा मिळते. जे मोजले जात नाही ते सुधारण्याचे बंधन उत्पादकावर राहत नाही.

(५) भारतात वायुवीजन पंख्यांच्या मानकांत व लेबलांत सेवा मूल्याबरोबर ध्वनिपातळीचा समावेश व्हावा आणि चाचणी केवळ प्रयोगशाळेत न होता घरात बसवलेल्या स्थितीतही व्हावी, असे या इतिहासावरून सुचवता येते.

हाउस ऑफ कॉमन्समधील चक्र फिरवणारा माणूस दमला की हवा थांबत असे आणि त्याचे कारण उघड दिसे. आजच्या घरातील पंखा रात्री बंद केला जातो तेव्हा हवा तशीच थांबते, परंतु ती बाब कोणत्याही तारांकनात नोंदली जात नाही. पंखा किती वीज वाचवतो याबरोबर तो किती वेळ चालू ठेवला जातो, हा प्रश्न विचारल्याशिवाय कार्यक्षमतेचा विचार पूर्ण होणार नाही.